सहा पाइपांचे अकरा महिने

मित्रांनो, तुम्ही चाकांची खुर्ची पाहिली असेल. तिचे हात, तिची पाठ, पाय टेकायची जागा, सगळे पोकळ पाइप वाकवून केलेले असते. ते पाइप वाकवणारी मी. आता मी जुनी झाले आहे. माझा हिरवा रंग पोपडे धरून गळतो आहे आणि माझ्या दांड्यावर कुणीतरी ओली फडकी वाळत घालते. पण या कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक खुर्ची एके काळी माझ्या हाताखालून जायची.

माझे काम तसे सोपे. पाइप साच्यात ठेवायचा, पकड आवळायची, खटका दाबायचा. मग मी दांडा फिरवून पाइपला हवा तेवढा वळसा द्यायचे. घाई केली की पाइप चेपतो, त्याला सुरकुती पडते आणि तो वाया जातो. म्हणून माझी चाल ठरलेली होती. एका पाइपला पाच मिनिटे. एका खुर्चीला सहा पाइप, म्हणजे अर्धा तास. ही गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवा, कारण कारखान्यातल्या कुणीच ती ध्यानात ठेवली नाही.

मला इथे आणले तेव्हा सगळा पसारा एका लांबोडक्या शेडमध्ये मावत होता. एका टोकाला हाताने पाइप कापणारे दोघे, मग मी, मग वेल्डर, रंगाची खोली आणि शेवटी चाके बसवणारे. माणसे आठ. दिवसाला दोन खुर्च्या झाल्या तरी मालक खूश होऊन सगळ्यांना चहा पाजायचे.

माझ्यावर काम करायला जो माणूस नेमला होता तो उंच, शिडशिडीत आणि मितभाषी होता. माणसांशी कमी बोलायचा, माझ्याशी मात्र पुष्कळ. सकाळी आल्या आल्या चिंधीने मला पुसायचा, सांध्यांत तेल सोडायचा आणि म्हणायचा, "काय राणीसाहेब, झोप झाली का?" एखाद्या दिवशी मी करकरले की म्हणायचा, "आज गुडघे धरलेत वाटतं. थांबा जरा." आणि खरेच थांबायचा. मोटार रिकामी फिरवून मला गरम होऊ द्यायचा, मगच पहिला पाइप लावायचा. त्याच्या हातून वाकलेला पाइप वेल्डर डोळे मिटून जोडत असत. इतका तो नेमका असे.

पुढे मागणी वाढली. मालकांनी विजेवर चालणारी मोठी करवत आणली. ती दिवसाला चाळीस खुर्च्यांचे पाइप सहज कापायची. वेल्डर वाढले. चाकांसाठी वेगळे स्टोअर झाले आणि तिथे एक बाई नेमल्या गेल्या. सगळे त्यांना स्टोअरच्या बाई म्हणत. चष्मा कपाळावर, पेन्सिल कानामागे, आणि आवाज असा की पत्रे थरथरावेत. सगळीकडे सगळे वाढले. मी मात्र एकटीच राहिले. मालकांना वाटले, हिचे काम चाललेय की, मग आणखी कशाला?

आमचे मालक मनाने वाईट नव्हते. त्यांना एकच खोड होती. बसलेला माणूस दिसला की त्यांचे डोके फिरायचे. करवतीवरची माणसे जरा टेकली की ते ओरडायचे, "हात का थांबलेत? करवत काय शोभेला आणलीय?" मग ती बिचारी दिसेल तो पाइप कापत सुटायची आणि कापलेले सगळे गाड्यावर घालून माझ्या पायाशी आणून ओतायची. चाळीस खुर्च्यांचे पाइप यायचे आणि माझ्याकडून चौदांचे व्हायचे, तेही मला अखंड चालू दिले तर.

अखंड कोण चालू देतो? मोठ्या माणसांच्या खुर्चीचा साचा वेगळा, लहान मुलांच्या खुर्चीचा वेगळा. साचा बदलायला चाळीस मिनिटे लागत. मालकांना कुणाचा तरी फोन यायचा आणि ते धावत यायचे. "ते सोड, आधी हे घे. अर्जंट आहे." साचा बदलला जायचा. तासाभराने दुसरा फोन, दुसरे अर्जंट. दिवसाचे तीन-चार बदल. त्यात कापणाऱ्यांच्या गडबडीत काही पाइप आखूड निघायचे, आणि ते आखूड आहेत हे मी वाकवल्यावर वेल्डरला कळायचे. संध्याकाळी मोजावे तर जेमतेम सात खुर्च्या.

वेल्डर हात चोळत बसायचे. चाके बसवणारे पत्त्यांचा डाव मांडायचे. आणि मालक विचारायचे, "अडलंय कुठे?" सगळ्यांची बोटे माझ्या माणसाकडे वळायची. कुणीतरी त्याला सावकाशराव म्हटले. नाव चिकटले. हळूहळू मालकही हाक मारू लागले, "अहो सावकाशराव, आज तरी होणार का?" सगळे हसायचे. तोही ओशाळून हसायचा. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणायचा, "चला राणीसाहेब."

मी त्याच्याइतकीच जोरात चालले होते, मित्रांनो. त्याहून जोरात मला चालताच येत नव्हते. पण नाव त्याला पडले.

अशातच एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी सात वर्षांची. पाय लुळे, पण जीभ मोठी तिखट. आईच्या कडेवरून तिने सगळी शेड नजरेखाली घातली आणि विचारले, "यातलं सगळ्यात जास्त ओरडणारं यंत्र कुठलं?"

"करवत," सावकाशराव म्हणाला. "आमच्या राणीसाहेब गरीब आहेत."

लहान मुलांची मापे तोच घ्यायचा. त्याने तिला माझ्या शेजारच्या बाकावर बसवले. कमरेपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच, खांद्यांची रुंदी, सगळे टेपने मोजले आणि एका चिठ्ठीवर लिहिले.

"किती दिवस लागतील?" आईने विचारले. "शाळेत नाव घातलंय. शाळा म्हणते, खुर्ची असेल तरच पाठवा. मला कामावर जायचं असतं, दिवसभर कडेवर कोण घेणार?"

"महिन्याभरात देतो, ताई," तो म्हणाला. त्याने ते मनापासून म्हटले होते.

दुसऱ्याच दिवशी तिचे पाइप कापून झाले. करवत रिकामी ठेवायची नव्हती ना! सहा छोटे पाइप, तारेने बांधलेले, वर ती चिठ्ठी. गाडेवाल्याने ते माझ्या डाव्या पायाशी टाकले. त्यावेळी मोठ्या माणसांचा साचा लावलेला होता. साचा बदलेपर्यंत ते तिथेच राहणार होते. दुपारी त्यांच्यावर एक गाडा पाइप पडले. संध्याकाळी आणखी एक. आठवड्याने ते सहा पाइप कुठे आहेत हे या जगात फक्त मला ठाऊक होते.

ढिगातले काम वरून उचलले जाते. जे शेवटी येते ते आधी होते आणि जे आधी आले ते तळाशी दबून राहते. रोज वर नवे पडत होते. तळ कधी उघडा पडलाच नाही.

महिन्याने आई आली. सावकाशरावाने ढीग उपसायला घेतला. तेवढ्यात मालक आले. "अहो, काम टाकून पाइप काय चिवडताय?" त्याने करवतीवर जाऊन विचारले. तिथले म्हणाले, "आम्ही कधीच दिलेत. तुझ्याकडेच आहेत." त्याने पुन्हा कापून मागितले. मालक म्हणाले, "एकदा कापलेले पुन्हा कशाला? शोधा, सापडतील."

आई दुसऱ्या महिन्यात आली. तिसऱ्या महिन्यात आली. पुढे पुढे ती काही विचारायचीच नाही. दारात उभी राहायची आणि सावकाशराव तिच्याकडे बघून मान हलवायचा. ती गेल्यावर त्याचे दोन-तीन पाइप हमखास बिघडत.

मला तोंड असते तर मी ओरडले असते, "इथे आहेत, माझ्या डाव्या पायाशी!" माझ्याकडे फक्त करकर होती. ती मी केली. त्याला वाटले तेल संपले. त्याने तेल घातले.

अकराव्या महिन्यात ढीग त्याच्याच भाराने घसरला. मोठा आवाज होऊन पाइप चहूकडे घरंगळले आणि तळाचे ते सहा उघडे पडले. चिठ्ठीवर गंजाचे डाग पडले होते, पण आकडे वाचता येत होते. सावकाशरावाने त्या दिवशी कुणालाही न विचारता साचा बदलला. सहाही पाइप असे वाकवले की माझ्या आयुष्यात मी तसे वळसे दुसरे दिले नाहीत. वेल्डरने ते लगेच जोडले. रंगारणीने मुलीला आवडेल म्हणून पिवळा रंग काढला. निरोप गेला आणि चौथ्या दिवशी मायलेकी आल्या.

आईने मुलीला खुर्चीत बसवले. सगळे कौतुकाने गोळा झाले होते. मुलीचे गुडघे वर आले, छातीजवळ. टाचा पायटेकणीच्या पुढे लोंबल्या. दोन्ही बाजूंचे पाइप कमरेला रुतले.

आईने एकदा तिला सरळ करून पाहिले. मग ती म्हणाली, "माप तेव्हाचं आहे."

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरे झाले असते. मुलीने सावकाशरावाच्या तोंडाकडे पाहिले. तिला काय वाटले कोण जाणे, ती त्याची समजूत घालू लागली. "काका, तुमची नाही चूक. मीच वाढले."

तो वाकून खुर्चीचे पाइप चाचपू लागला.

"दुसरी करून देऊ," मालक घाईने म्हणाले. "ताबडतोब घेतो करायला."

"नको," आई म्हणाली. "शाळेनं नाव कमी केलंय. आम्ही बघतो दुसरीकडे कुठेतरी." तिने मुलीला पुन्हा कडेवर घेतले. मुलगी आता जड झाली होती; दारापर्यंत जाईतो तिने दोनदा बाजू बदलली. त्या दोघी मला पुन्हा दिसल्या नाहीत. त्यांना खुर्ची कुठे मिळाली की नाही, मला माहीत नाही. माझ्या आयुष्यात जे माहीत नाही त्यात हेच मला सगळ्यात जास्त सलते.

मालकांनाही ते लागले होते. पण माणसाला लागले की तो जवळच्या माणसावर ओरडतो. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "सहा पाइप! एवढ्याशा सहा पाइपांना अकरा महिने? तुमच्या सावकाशपणानं माझी मान खाली गेली आज."

दुसऱ्या दिवशी सावकाशरावाला चाके पोत्यांत भरायच्या कामावर बसवले. आठवडाभर त्याने ती भरली. शनिवारी तो माझ्याजवळ आला, चिंधीने मला पुसले आणि गेला. सोमवारी आला नाही.

त्याच्या जागी जो आला त्याला सगळे पैलवान म्हणत. तिशीचा, दंड असे की एका हाताने साचा उचलायचा. वाईट माणूस नव्हता तोही. त्याला सांगितलेच तसे होते, की आधीचा मंद होता, तू वेग दाखव. मला गरम होऊ देणे नाही, तेल नाही, साच्याचे बोल्ट अर्धे आवळलेले. पहिले काही दिवस दिवसाला दहा खुर्च्या झाल्या. मालक म्हणाले, "बघा! माणूस बदलला की फरक पडतो." बाराव्या दिवशी माझ्या दांड्याची मुख्य खीळ कडकन तुटली.

मी थांबले, आणि कारखाना थांबला. म्हणजे सगळा नाही थांबला. करवत चालूच होती.

तिसऱ्या दिवशी स्टोअरच्या बाई चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढून आल्या आणि त्यांनी मालकांना माझ्यासमोर उभे केले. पैलवान मान खाली घालून बाजूला होता.

"मालक, करवत चालू आहे ना?"

"आहे."

"वेल्डर, रंगारीण, सगळे हजर आहेत ना?"

"आहेत की."

"मग तीन दिवसांत किती खुर्च्या गेल्या?"

"एकही नाही. मशीन बंद आहे, दिसत नाही का?"

"दिसतंय. आणि करवतीनं तीन दिवसांत काय दिलं आपल्याला?"

मालकांनी आजूबाजूला पाहिले. पाऊल टाकायला जागा नव्हती. "ढीग," ते म्हणाले.

"माझ्याकडे नऊशे चाकं पडून आहेत," बाई म्हणाल्या. "कापड पडून आहे, बोल्ट पडून आहेत. फक्त खुर्ची नाही. एका खोलीत चार दारांनी माणसं आत सोडायची, बाहेर पडायला एकच दार ठेवायचं, आणि दारावरच्या माणसाला शिव्या द्यायच्या. चाललंय काय आपलं? कारखाना या मशीनच्या चालीनं चालतो. करवतीच्या नाही, तुमच्या ओरडण्याच्या तर नाहीच नाही. मी वर्षभराची मोजदाद केलीय. पैलवानाच्या जागी भीम आणा, चौदाच्या वर एक खुर्ची होणार नाही. आणि त्या भाऊंना आपण सातवरच अडवून धरलं होतं. आपण, त्यांनी नाही."

मालकांनी पुन्हा एकदा ढिगाकडे पाहिले. मग म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?"

बाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "वहीत होतं. मला वाटलं, माझं काम स्टोअरचं. चुकलंच माझं."

दोघे मिळून सावकाशरावाच्या घरी गेले. तो आला. नवी खीळ त्याने स्वतः बसवली, चार दिवस राहिला आणि पैलवानाला सगळे शिकवले. मोटार रिकामी कशी फिरवायची, करकर कुठली तेलाची आणि कुठली झिजेची, बोल्ट किती आवळायचा. पैलवान त्याच्यापुढे शाळकरी पोरासारखा उभा राहायचा. म्हणाला, "काका, मला माफ करा. मला वाटलं, जोर लावला की होतं."

चौथ्या दिवशी मालक आले. सावकाशराव हात पुसत होता. हात पुसता पुसता तो म्हणाला, "मालक, मी सावकाश नव्हतो हो."

मालकांनी त्याच्याकडे पाहिले. ओठ हलले. मला वाटले, आता म्हणतील. सगळी शेड कान देऊन होती. मालक म्हणाले, "चहा घेणार?"

"नको," तो म्हणाला. "निघतो. इथं उभं राहिलं की मला ती पोर दिसते." तो पुन्हा कधी आला नाही. मालकांना पुढे जन्मभर तो चहा आठवत असावा, कारण त्यांनी माझ्यापाशी कुणालाही चहाला बोलावलेले मी नंतर पाहिले नाही.

त्यानंतर बाईंनी सगळे बदलले. माझ्यासमोर जमिनीवर तीन पट्टे रंगवले, हिरवा, पिवळा आणि माझ्या सगळ्यात जवळचा लाल. जेवढे पाइप पट्ट्यांत मावतील तेवढेच आणायचे, तेही रांगेत, आधी आलेला आधी. हिरवा भरलेला असेल तर करवत बंद. पिवळाही रिकामा होऊ लागला की बाई स्वतः करवतीवर जायच्या. पाइप माझ्याकडे येण्याआधी मोजून पाहिला जाई, म्हणजे माझी पाच मिनिटे आखूड पाइपावर जाऊ नयेत. जेवणाच्या सुट्टीत पैलवानाच्या जागी दुसरा उभा राही. साचा दिवसातून एकदाच बदलायचा. कुणाचाही फोन येवो.

पहिल्या आठवड्यात करवतीवरची माणसे रिकामी बसली तेव्हा मालकांच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. बाई म्हणाल्या, "बसू द्या त्यांना. ती बसलीत म्हणून खुर्ची चाललीय." महिन्याभरात दिवसाला चौदा खुर्च्या होऊ लागल्या. माणसे तीच, मी तीच. मुलांची खुर्ची नवव्या दिवशी घरी जायची, माप ताजे असताना. लांबून लोक बघायला यायचे, माझा फोटो काढायचे, बाईंचे कौतुक करायचे. सावकाशरावाचे नाव त्यात कुणी घेतले नाही. मी वाट पाहायचे.

पुढे माझ्याहून चौपट वेगाची मशीन आली आणि मला भिंतीकडे सरकवले. त्याचे मला वाईट वाटले नाही. ते बाईंनीच सुचवले होते. जाताना त्या एवढेच म्हणाल्या होत्या, "आता अडणं दुसरीकडे जाईल. शोधत राहा." त्या निवृत्त झाल्या, मालक थकले, त्यांचा मुलगा कारभार पाहू लागला. माझ्या जुन्या जागेवरचे पट्टे अजून आहेत, त्यांच्यावर खोकी रचलेली असतात. आता अडते रंग भाजून पक्का करायच्या भट्टीपाशी. भट्टीत एका वेळी चार सांगाडे मावतात आणि दारात साठ उभे असतात. कालच धाकटे मालक रंगारणीला सगळ्यांदेखत बोलत होते. "बाई, हात जरा भराभर चालवा की!" ती मान खाली घालून उभी होती. भट्टीला किती वेळ लागतो हे तिला सांगता येत होते, पण कुणी विचारतच नव्हते.

तेव्हा पैलवान उठला. आता त्याचे केस पिकले आहेत. तो नव्या मशीनपाशी गेला आणि खटका पाडला. मग करवतीचाही पाडला. शेडमध्ये एवढी शांतता मी कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती. "साहेब," तो म्हणाला, "बोलायचं असेल तर आधी इथं या. भट्टीसमोर दहा मिनिटं नुसते उभे राहा. मग बोला."

धाकटे मालक लालबुंद झाले. पण गेले आणि उभे राहिले. त्यांनी तिथे काय पाहिले, पुढे काय केले, ते मला कळणार नाही. कारण उद्या भंगाराची गाडी यायची आहे आणि माझे बोल्ट आजच सैल करून ठेवले आहेत.

म्हणून मित्रांनो, जाण्याआधी तुमच्याकडे एक मागणे आहे. यंत्रांना तेल घाला, त्यांना गरम होऊ द्या, ते तर कराच. पण तुमच्या घरात, शाळेत, पुढे कधी तुमच्या कामावर, सगळे एखाद्याला मंद म्हणून हसत असतील, तर हसण्याआधी त्याच्यापाशी जाऊन थोडा वेळ उभे राहा. त्याच्यासमोर कुणी काय काय आणून टाकले आहे ते पाहा. आणि चूक आपली निघाली, तर त्याला तोंडाने तसे सांगा, तो समोर उभा असतानाच. मला सांगता येत नव्हते. तुम्हाला येते.